हिमेजीचे हातघडणीचे आयर्न आणि कारखान्यातला संच : हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या हिवाळ्यापासून मी गोल्फच्या आयर्नचे (चेंडू मारायच्या लोखंडी डोक्याच्या क्लबांचे) दोन संच आलटून पालटून वापरतोय. दोन्ही जपानी, दोन्ही मऊ पोलादाचे, दोन्ही घडीव. एक मोठ्या कंपनीचा, दुकानात तयार मिळणारा. दुसरा ह्योगो प्रांतातल्या इचिकावा गावच्या एका छोट्या कार्यशाळेकडून माझ्या मापाने करून घेतलेला. मी कोबेला राहतो. हिमेजीहून बानतान लाइनची गाडी धरली की हे गाव फार लांब नाही, त्यामुळे क्लब बनताना बघता आले. या दुसऱ्या संचाला पहिल्याच्या दुपटीहून जास्त पैसे लागले. ते पैसे नेमके कशाचे आणि ते मोजावेत का, एवढंच मला सांगायचं आहे.

बहुतेकांची तुलना सुरुवातीलाच फसते. एका हातात हातघडणीचं पातळ ब्लेड (सपाट पाठीचं आयर्न), दुसऱ्या हातात कारखान्यातलं जाड सोलचं (तळाचं), 28-29 अंश लॉफ्टचं (चेंडूला लागणारी बाजू मागे कलते त्या कोनाचं) 7 आयर्न. मग चेंडू लांब गेला तो लॉफ्टमुळे की घडणीमुळे, कसं कळणार? म्हणून दोन्ही संच कॅव्हिटी-बॅकचे (पाठ खोलगट केलेले) घेतले. दोन्हींना निप्पॉन शाफ्टचा एन.एस.प्रो 950 जीएच हाच शाफ्ट (दांडा), तीच लांबी, तीच ग्रिप. कारखान्यातलं 7 आयर्न 32 अंशांचं होतं, ते वाकवून कार्यशाळेच्या क्लबाइतकं, म्हणजे 33 वर आणलं. मऊ पोलादाचा हा मोठा फायदा आहे. ओतीव स्टेनलेसचं हेड इतक्या सुखाने वाकत नाही.

आता घडणीबद्दल. ऐरणीवर घण घालून आयर्न बनवणारा लोहार इचिकावात शोधू नका. पोलादाचा गोल गज 1,200 अंश सेल्सिअसच्या आसपास लालबुंद तापवतात, दोन साच्यांमध्ये धरून यांत्रिक हातोड्याखाली ठोकतात, साच्याच्या कडेला बाहेर आलेलं जादा पोलाद कापून टाकतात. मोठ्या कंपन्याही हेच करतात. मिझुनोचे घडीव आयर्न हिरोशिमात ठोकले जातात. निइगाता प्रांतातल्या त्सुबामेची एन्दो स्वतःच्या एपॉन नावाने क्लब विकतेच, शिवाय इतर कंपन्यांसाठीही हेड ठोकून देते. पोलादही सगळीकडे साधारण एकाच जातीचं : एस20सी किंवा एस25सी, म्हणजे कार्बन 0.20 ते 0.25 टक्क्यांच्या घरात. धातू तोच, ठोकाई जवळपास तीच. वेगळेपण सुरू होतं ते घासकामात.

साच्यातून निघालेलं कच्चं हेड जड आणि बोजड असतं. मोठ्या कारखान्यात यंत्राने ते जवळजवळ अंतिम मापाला आणतात आणि माणसाच्या हाती पॉलिशचं थोडं काम उरतं. मी पाहिलेल्या कार्यशाळेत हेड फिरत्या पट्ट्यावर धरून माणूसच घाट देत होता. थोडं घासायचं, तराजूवर ठेवायचं, उजेडात फिरवून वरची कड बघायची, परत पट्ट्यावर. 7 आयर्नचं हेड साधारण 270 ग्रॅमचं. शेवटचे काही ग्रॅम कुठून काढायचे, टाचेकडून (शाफ्टच्या बाजूने) की टोकाकडून, सोलच्या मागच्या कडेवरून की पाठीवरून, हा निर्णय त्या माणसाचा. दुपटीचे पैसे या निर्णयाचे आहेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

या भागात ही विद्या जुनी आहे. आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने रोक्को डोंगरावर मैदान काढलं आणि 1903 मध्ये कोबे गोल्फ क्लब सुरू झाला, तो जपानमधला पहिला. पुढे 1930 च्या सुमारास हिमेजीच्या परिसरात देशी आयर्न घडायला लागले. लोहारकामाची परंपरा तिथे आधीपासून होतीच. काट्सुहिरो मिउरा यांनी 1977 मध्ये काढलेली कंपनी याच भागातली, आणि तिच्यामुळे हिमेजीचं नाव परदेशी खेळाडूंपर्यंत पोचलं. तलवारीच्या वारशाची गोष्ट दुकानदार फार सांगतात. मला त्यापेक्षा पट्ट्यावरचा तो हात महत्त्वाचा वाटतो.

वापरताना पहिल्यांदा जाणवलं ते वजन. कारखान्यातल्या संचाचे शाफ्ट बदलताना सगळी हेड मोजून घेतली. 8 आयर्न त्याच्या ठरलेल्या वजनापेक्षा तीन ग्रॅम जड निघालं, 6 आयर्न थोडं हलकं. हा दोष नव्हे, मोठ्या उत्पादनात एवढी सूट धरलेलीच असते. पण हेडमधले दोन ग्रॅम म्हणजे स्विंगवेटचा (क्लब फिरवताना हेडकडे किती जड वाटतो, त्या डी1, डी2 अशा मोजणीचा) एक अंक. म्हणजे एक क्लब डी1, दुसरा जवळजवळ डी3. कार्यशाळेच्या संचात सगळे क्लब डी2 वर आहेत. 6 ठेवून 8 उचलला तरी हाताला काही नवं वाटत नाही. दमलेल्या शेवटच्या चार-पाच होलना याचा खरा उपयोग होतो, कारण तेव्हा लय सांभाळणं हेच काम असतं.

अंतरात फरक नाही. मधोमध लागलेला 7 आयर्न दोन्हींचा सारखाच जातो आणि टोकाला लागलेला दोन्हींचा सारखाच आखूड पडतो. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

‘फील’बद्दल मात्र लिहायला हवं, कारण हातघडणीचे क्लब विकले जातात ते याच एका शब्दावर. चेंडू क्लबफेसला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हाताला काही कळायच्या आत तो गेलेला असतो. आपल्याला जो मऊपणा जाणवतो त्यात आवाजाचा वाटा फार मोठा आहे. सरावाच्या रेंजवर कानात बोळे घालून दोन्ही 7 आयर्न मारून बघितले, तेव्हा फरक खूपच कमी झाला. बोळे काढले की कार्यशाळेच्या क्लबाचा आवाज खालच्या पट्टीतला, भरीव येतो आणि मन सुखावतं. ते सुख मी नाकारत नाही, मला ते रोज हवंसं वाटतं. फक्त त्याने गुणफलक सुधारत नाही, आणि निव्वळ त्यासाठी कुणी दुप्पट पैसे मोजू नयेत.

गुणफलक सुधारला तो सोलमुळे. इथल्या बहुतेक फेअरवेवर (मैदानातल्या कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) कोराई गवत असतं. ताठ आणि दाट, चेंडू ब्रशवर ठेवल्यासारखा उचलून धरणारं. उन्हाळ्यात त्यावर कुठलाही क्लब चालतो. हिवाळ्यात ते पिवळं पडून विरळ होतं, खालची माती कडक होते, आणि जूनमधल्या पावसात तीच माती चिकट होते. मी चेंडूवर जरा तिरका, खोल उतरतो. कारागिराने माझे जुने क्लब हातात घेऊन सोलवरचे ओरखडे कुठे आहेत ते पाहिलं आणि पुढची कड किंचित गोल केली, मागची कड उतरवली. परिणाम फेब्रुवारीत दिसला. कारखान्यातला क्लब कडक मातीवर आपटून उसळायचा तिथे हा सरकून पुढे जायचा. पावसाळ्यात चिखलात रुतणं कमी झालं. दुकानातल्या क्लबाचा सोल सगळ्यांना पुरेल असा मधला असतो, आणि तुमचा स्विंग तसा मधला असेल तर तो उत्तमच आहे.

वेजमध्ये (जास्त लॉफ्टच्या, जवळच्या फटक्यांच्या क्लबात) हाच फरक कितीतरी पटीने वाढतो. याच कार्यशाळेचा 58 अंशांचा वेज टाचेकडून मोकळा घासून घेतला आहे. बंकरमध्ये फेस उघडून ठेवला तरी पुढची कड जमिनीपासून फार वर उठत नाही. त्यामुळे ओल्या, घट्ट वाळूतूनही चेंडूखाली जायला धीर होतो. मुलामा न दिलेला असल्यामुळे तो गंजतो. खेळून आल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो, इथे कॅमेलियाचं तेल सहज मिळतं. एखाद्या ओल्या आठवड्यात राहून गेलं तर तांबूस थर चढतो. खेळावर त्याचा परिणाम नाही, पण ज्यांना हे नको असेल त्यांनी निकेल-क्रोम मुलाम्याचाच घ्यावा.

मऊ पोलादाची एक देखभाल दोन्ही संचांना लागू आहे. रेंजवरच्या चटईखाली काँक्रीट असतं. तिथे रोज मारून मारून लाय अँगल (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) हळूहळू सरकतो. वसंतात तपासून घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त वापरलेला क्लब एक अंश चपटा झाला होता. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू अशा वेळी उजवीकडे जायला लागतो आणि माणूस उगाच स्विंग बदलत बसतो. वर्षातून एकदा तरी मोजून घ्या.

सध्या माझ्या बॅगेत 5 ते 7 कारखान्यातले, 8 आणि त्याहून आखूड हातघडणीचे, आणि दोन्ही वेज हातघडणीचे असा मिश्र संच आहे. लांब आयर्न मी बहुतेक टीवरून किंवा चांगल्या गवतावरून मारतो, तिथे सोलची कारागिरी क्वचितच कामी येते. पैसे मोजकेच असतील तर आधी एकच वेज करून घ्या, आयर्न दुकानातले घ्या आणि उरलेल्या रकमेतून ते नीट मापाला बसवून घ्या. कार्यशाळेत जाताना नवा क्लब नेऊ नका, खूप वापरलेला आणि न पुसलेला न्या. कुठल्या गवतावर खेळता, जमीन ओली असते की कोरडी, ते सांगा. आणि क्लब ताब्यात घेताना प्रत्येक हेडचं वजन, लॉफ्ट आणि लाय लिहिलेला कागद मागून घ्या, पुढच्या तपासणीला तोच लागतो.