मीटरवर ३१ हजार, इंजिनवर लाख

मायलेज म्हटलं की बहुतेक जण लिटरला किती देते तेच विचारतात, म्हणून आधीच सांगतो, इथे विषय ॲव्हरेजचा नाही, रनिंगचा आहे. म्हणजे गाडी आजवर किती किलोमीटर पळलीय तो आकडा. त्या एका आकड्यापायी मी जवळपास दीडपट पैसे मोजले आणि आकडा खोटा निघाला. दीड वर्ष होऊन गेलं, राग आता थोडा निवलाय, म्हणून लिहायला बसलोय.

सेकंड हँड स्पोर्ट्स कार घ्यायची हे बरीच वर्षं डोक्यात होतं. दोन सीट, मॅन्युअल गिअर, पॉवर मागच्या चाकांना, बस्स. नवीन परवडणार नव्हती हे उघड आहे. शोधता शोधता शेवटी दोन गाड्या उरल्या, मॉडेल एकच, वर्ष एकच, दोन्ही नऊ वर्षांच्या, फरक फक्त रंगाचा आणि रनिंगचा. एक ९४ हजार चाललेली, मालक स्वतः विकत होता. दुसरी डीलरकडे उभी, मीटरवर ३१,४००.

पहिल्या मालकाने मी पोचल्या पोचल्या एक जाडजूड फाईल पुढ्यात ठेवली. प्रत्येक ऑइल चेंजची पावती, ७० हजारला क्लच बदलला त्याचं बिल, प्लग, कूलंट, ब्रेक फ्लुइड, टायर कधी घातले ते, आणि प्रत्येक कागदावर तारीख आणि रीडिंग. वर हा माणूस स्वतःच गाडीच्या खोडी सांगत होता, गार असताना दुसरा गिअर जरा अडतो, डाव्या दाराचा रबर गेलाय, पुढच्या बंपरला खडी लागलीय बघा. आणि मी शहाणा, मनात म्हटलं ९४ हजार म्हणजे स्पोर्ट्स कारला फार झाले, पिळून काढली असणार. बघतो, कळवतो म्हणून निघालो. कळवलं नाहीच.

आता तुम्ही म्हणाल रनिंगला एवढं का भुललास. तर बाजारच तसा आहे. साधी घरगुती गाडी असेल तर लोक वय बघतात, रनिंग बघतात, एक अंदाज बांधतात आणि विषय संपतो. स्पोर्ट्स कारचं तसं नसतं, ती बहुतेकांची दुसरी नाहीतर तिसरी गाडी, सुट्टीच्या दिवशी काढायची, पावसात नाही काढायची, त्यामुळे कमी रनिंगची गाडी खरंच मिळू शकते आणि ती मिळाली की लोक तिच्यासाठी वेड्यासारखे जास्त मोजतात. आणि हा उतार सरळ नसतो. २० हजाराची गाडी ३० ची झाली तर किंमत चांगलीच घसरते, पण १ लाख १० ची १ लाख २० झाली तर फारसं कुणाला काही वाटत नाही. त्यात गोल आकड्यांची भीती वेगळी. ४९ हजार आणि ५१ हजार यात गाडीच्या दृष्टीने काडीचा फरक नाही, पण ५० ओलांडले की फोन कमी होतात. एखादी मोठी सर्व्हिस जवळ आली असेल तर घेणारा ती रक्कम मनातल्या मनात वजा करूनच भाव सांगतो. म्हणजे आकडा खाली आणणाऱ्याला सगळ्यात जास्त फायदा याच गाड्यांत.

आणि नऊ वर्षांत ३१ हजार हे घरच्या साध्या गाडीवर दिसलं असतं तर मी पहिल्या मिनिटाला भुवया उंचावल्या असत्या. स्पोर्ट्स कारवर तेच बघून मला आनंद झाला, हीच तर गोम आहे. गोष्ट तयारच असते. मालक बाहेर असायचा, गाडी कव्हरखाली, महिन्यातून एकदा काढायचे. मी प्रश्न विचारायच्या आधीच मला उत्तर पटलेलं होतं.

डीलर बोलायला एकदम गोड. सर सर करून बोलत होता. गाडी अशी चमकत होती की डोळे दिपावेत. सर्व्हिस बुकात पहिल्या तीन वर्षांचे शिक्के, शेवटचा शिक्का २६ हजारला, पुढची पानं कोरी. विचारलं तर म्हणे गाडी उभीच होती सर, चालवलीच नाही तर सर्व्हिस कशाला. हे वाक्य तेव्हा मला पटलं!! आज लिहिताना सुद्धा कानशिलं गरम होतात. कारण गाडी उभी राहिली तरी ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतंच, ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, इंजिन ऑइल वर्षाने बदलायचं, रबराची सील सुकतात, टायर कडक होतात. जुन्या फेरारी ३५५ चं उदाहरण कुणालाही विचारा, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं आणि ती बेल्ट फक्त किलोमीटरवर नाही तर वर्षांवरही बदलावी लागते, गाडी एक किमी चालली नाही तरी. म्हणजे त्याची गोष्ट खरी धरली तरी सहा वर्षं सर्व्हिस न झालेली गाडी मी जास्त पैसे देऊन घेत होतो. खरी असती तरी तो सौदा वाईट होता, हे मला फार उशिरा उमगलं.

टेस्ट ड्राईव्ह घेतली, पळाली मस्त, सही केली.

चार महिने मजेत गेले. मग गार स्टार्टला इंजिन थरथरायला लागलं, चेक इंजिनचा दिवा लागला. मॅन्युअलमध्ये प्लग ६० हजारला बदला लिहिलंय, आपली तर ३४ हजारच्या आत, त्यामुळे प्लगचा विचारच केला नव्हता. एका मित्राच्या ओळखीचा मेकॅनिक फक्त असल्याच गाड्या करतो, त्याच्याकडे नेली. त्याने प्लग काढले, हातात फिरवून बघितले आणि विचारलं, किती चाललीय म्हणालात? मी सांगितलं ३३,९००. तो काहीच बोलला नाही, आत गेला आणि मोठा स्कॅनर घेऊन आला.

इथून पुढचं नीट वाचा, कारण मला हे आधी माहीत असतं तर वाचलो असतो. मीटरवर दिसणारा आकडा डॅशबोर्डच्या मेमरीत असतो, पण गाडीत एकच कॉम्प्युटर नसतो, इंजिनचा वेगळा, एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, वेगळा, एअरबॅगचा वेगळा. बऱ्याच गाड्यांत एखादा फॉल्ट आला की तो कोणत्या रीडिंगला आला ते पण त्याच्यासोबत साठवलं जातं. मीटर मागे करणारा माणूस स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक डबी जोडून काही मिनिटांत डॅशबोर्डचा आकडा बदलतो, पण बाकीचे कोपरे साफ करायचा कंटाळा करतो किंवा त्याला ते जमत नाही. माझ्या गाडीत एबीएसच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या चाकाच्या सेन्सरचा एक जुना फॉल्ट पडून होता. रीडिंग ८७,२१२. मीटर ३३,९०० दाखवतंय आणि फॉल्ट आलाय ८७ हजारला! मेकॅनिक हसून म्हणाला, साहेब तुमची गाडी भविष्यात जाऊन आलीय.

पण मला खरी चपराक बसली ती पुढच्या आकड्याने. इंजिन किती तास चाललं तेही त्याच्या स्कॅनरवर दिसत होतं, २,३१० तास. त्याने मोबाईलवर भागाकार करून दाखवला, ३३,९०० भागिले २,३१०, म्हणजे ताशी पंधराच्याही आत. आयुष्यभराचा सरासरी वेग सायकलचा. ट्रॅफिकमध्ये अडकणारी गाडी सुद्धा यापेक्षा बरी निघते, आणि हिच्याबद्दल तर मला सांगितलेलं की फक्त सुट्टीला मोकळ्या रस्त्यावर काढायचे. ताशी ४५ धरले तर हिशोब येतो १ लाख ४ हजाराच्या आसपास. म्हणजे फार झाले म्हणून जी ९४ हजाराची गाडी मी सोडली, तिच्यापेक्षा माझी जास्त चालली असायची शक्यता. आणि फाईल नाही ती वेगळीच.

हा भागाकार काही देववाणी नाही हे मान्य. कुणी गाडी तासन् तास एका जागी चालू ठेवत असेल तर सरासरी पडतेच, आणि सगळ्या गाड्यांत तास दिसतही नाहीत. पण जिथे दिसतात तिथे बघायला काय जातंय. पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलांत तर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं आणि कितव्या तासाला फिरवलं याची नोंद निघते, जाणकार लोक तो रिपोर्ट बघितल्याशिवाय टोकन देत नाहीत. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच किल्ल्यांत पण रीडिंग साठवलेलं असतं. माणूस मीटर फिरवतो आणि किल्ली विसरतो.

घरी येऊन गाडीकडे नव्याने बघायला लागलो. दिसायला सगळं आधीपासून समोर होतं हो. स्टिअरिंगचं लेदर कोरं करकरीत, मला वाटलं किती जपलंय, प्रत्यक्षात नवीन चढवलेलं. क्लचच्या पेडलचा रबर नवा, त्याच्या बाजूचा डावा पाय टेकवायचा प्लास्टिकचा भाग मात्र गुळगुळीत घासलेला. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, जिथे उतरताना मांडी घासते, तिथे लेदरवर रंग मारलेला, नखाने खरवडला तर खालच्या भेगा दिसल्या. बॉनेटवर खडीचा एक ठिपका नाही कारण पुढचा भाग पूर्ण रंगवलेला, पण काचेवर बारीक टोचे भरपूर. मागच्या ब्रेक डिस्कला बोट लावलं तर कडेला चांगला उंच काठ, एवढी झीज सुट्टीच्या फेरफटक्यात होत नाही. टायर मात्र नवे. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, ते मी घेताना बघितलं होतं आणि नवे टायर मिळाले म्हणून खूश झालो होतो.

यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे. डिटेलिंग, म्हणजे कसून साफसफाई-पॉलिश केलं, खडी लागली म्हणून रंगवली, टायर जुने झाले म्हणून बदलले. मी प्रत्येकीला ते उत्तर स्वतःच देत गेलो, डीलरला फार कष्ट पडलेच नाहीत.

रिपोर्टची प्रिंट घेऊन त्याच्याकडे गेलो. सर वगैरे बंद झालं होतं. आम्ही घेतली तेव्हा मीटर हेच होतं, म्हणे. मग विक्रीचा कागद पुढे केला, त्यात खाली बारीक अक्षरात, मीटर रीडिंगच्या अचूकतेची जबाबदारी विक्रेत्याची नाही. खाली माझी सही. मी ती ओळ न वाचता सही केली होती. रीडिंगवर भाव लावायचा आणि रीडिंगची जबाबदारी घ्यायची नाही, ही काय पद्धत झाली? वकिलाने सांगितलं केस होऊ शकते पण मीटर यानेच फिरवलं की आधीच्याने हे सिद्ध करत बसावं लागेल. मी नाद सोडला, तुम्ही सोडू नका, आणि मुळात ती ओळ दिसली तर खुर्चीवरून उठा.

काही देशांनी याला बऱ्यापैकी आळा घातलाय. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीला नोंदलेलं रीडिंग कुणालाही ऑनलाईन फुकट बघता येतं. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना रीडिंगच्या इतिहासाचं सर्टिफिकेट द्यावंच लागतं. अमेरिकेत १९७२ पासून मीटर मागे करण्याविरुद्ध कायदा आहे, तरी तिथल्याच सरकारी अंदाजाप्रमाणे दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या रीडिंगने विकल्या जातात. जिथे अशी नोंद नाही तिथे जुन्या पावत्या आणि चांगला स्कॅनर असलेला आपला माणूस, एवढंच हातात. आपला म्हणजे आपण शोधलेला, डीलरने आणलेला नाही. मी या तपासणीचे पैसे वाचवले होते, पुढे प्लग, कॉइल, क्लच आणि सस्पेन्शनचे बुश यांत त्याच्या कित्येक पट गेले.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. खरं सांगू का, आता सगळं काम झाल्यावर चालते सुंदर. मध्यंतरी विकायला काढली होती, जाहिरातीत स्पष्ट लिहिलं, मीटर ४१ हजार दाखवतं पण खरं रनिंग लाखाच्या वर, रिपोर्ट आणि दीड वर्षाच्या सगळ्या पावत्या दाखवेन. अकरा फोन आले. नऊ जणांनी लाखाच्या वर ऐकून ठेवून दिला. एक जण बघून गेला, फाईल चाळली, बघतो, कळवतो म्हणाला. अकराव्याने विचारलं, मीटर ४१ दाखवतंय ना, मग लाख कशाला लिहिताय?