‘उन्हात ठेवा, बुडबुडा जाईल’ : स्वस्त होकायंत्रांच्या खरेदीत झालेली फसवणूक

द्रवभरित होकायंत्रातला बुडबुडा थंड प्रदेशात बहुधा निरुपद्रवी असतो आणि भर उन्हाळ्यात तो बहुधा गळतीचा पुरावा असतो, एवढे जर मला कोणी वेळेवर सांगितले असते, तर 12 नगांची पूर्ण किंमत, तिच्यावर 18 टक्के पाठवणी खर्च आणि नंतर परतीच्या खटाटोपात गेलेले 22 टक्के, म्हणजे 100 च्या मालामागे 140, अशी रक्कम पाण्यात गेली नसती. भरपाई म्हणून मिळाले ते किमतीच्या 10 टक्क्यांचे कूपन, आणि तेही त्याच विक्रेत्याकडे पुन्हा खरेदी करण्यासाठी!

मी भोळे गिऱ्हाईक नाही, हे आधीच नोंदवतो. खोडून दाखवलेली चढी किंमत, घड्याळाच्या काट्यावर संपणारी सवलत, एकाच दिवशी लिहिलेले कौतुकाचे अभिप्राय, हे सगळे प्रकार मला ठाऊक होते आणि मी ते तपासलेही होते. नकाशावाचन शिकणाऱ्या मुलांच्या गटासाठी एकसारखी 12 होकायंत्रे हवी होती आणि वर्गणी ठरलेली होती, त्यामुळे 65 टक्के सवलतीची जाहिरात नजरेत भरली. आज हिशेब मांडला तर दिसते की सवलतीनंतरही हा माल नावाजलेल्या उत्पादकाच्या साध्या, पारदर्शक पट्टीच्या होकायंत्रापेक्षा जेमतेम 15 टक्के स्वस्त होता. त्या साध्या यंत्राला धातूचे झाकण नव्हते, भिंग नव्हते, आणि जाहिरातीतल्या यंत्राला हे सर्व असून वर ‘लष्करी दर्जा, तेलभरित, ट्रिटियमचा उजेड’ असे छापलेले होते. अमेरिकी लष्कराच्या ज्या भिंगाच्या होकायंत्राची ही नक्कल आहे त्यात मुळी द्रव नसतोच. सुई हलू लागली की भोवतालच्या तांब्याच्या आवरणात विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि त्यांनीच तिची थरथर आवरली जाते. म्हणजे अशा नकलेवर ‘लष्करी’ आणि ‘तेलभरित’ हे दोन शब्द एकाच ओळीत दिसले की पुढे वाचण्याची गरज नाही. ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, भरलेल्या खुणा तर बाहेरच्या उजेडाशिवाय वर्षानुवर्षे चमकतात. माझ्या नगांवरचा हिरवा रंग मात्र दिव्याखाली धरल्याशिवाय अंधारात दिसत नव्हता.

तरीही ही सारी लक्षणे खरेदीपूर्वीची होती आणि त्यांबद्दल मी स्वतःला फार दोष देत नाही. खरी जळजळ होते ती खोका उघडला त्या दुपारची आठवण येऊन. खोलीतला तापमापक 38 अंश सेल्सिअस दाखवत होता, पुठ्ठा हाताला गरम लागत होता, तळाशी तेलकट डाग होता, रॉकेलसारखा वास येत होता आणि 12 पैकी 5 कुप्यांमध्ये, म्हणजे सुई ज्यात फिरते त्या द्रवाने भरलेल्या बंद डब्यांमध्ये, बुडबुडे होते. सर्वांत मोठा 9 मिलिमीटरचा. कुपीतला द्रव सहसा हलके खनिज तेल किंवा शुद्ध केलेल्या रॉकेलच्या जातीचा असतो. रॉकेल तापमानाच्या दर 10 अंशांमागे साधारण 1 टक्का फुगते, तर भोवतालचे ॲक्रिलिक प्लास्टिक त्याच्या पाव हिश्श्याइतकेही फुगत नाही. थंडीत तेल आकसते म्हणून पोकळी दिसते आणि ऊब मिळाली की ती मिटते; मग 38 अंशांना, तेल फुगून कुपीच्या भिंतींवर दाब देत असायला हवे तेव्हा, एवढी मोठी पोकळी उरतेच कशी? तेल बाहेर पडले होते, आणि ते कुठे गेले हे खोक्याचा तळ दाखवत होता. डाग, वास आणि बुडबुडा माझ्यासमोर एकाच टेबलावर होते, पण शाळेत शिकलेले द्रवांचे प्रसरण अशा वेळी कोणाला आठवते?

मी विक्रेत्याला विचारले. उत्तर तत्काळ आणि अत्यंत नम्र भाषेत आले : विमानातल्या कमी दाबामुळे असे होते, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, बुडबुडा जाईल. हे पटण्याजोगे होते, कारण थंडीमुळे किंवा उंचीवर आलेला, साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचा बुडबुडा वाचनात चूक आणत नाही, असे चांगले उत्पादकही सांगतात. मी सर्व नग उन्हात मांडले. ज्या कुपीचा सांधा आधीच उकललेला असतो तिच्यात दिवसा फुगलेले तेल फटीतून बाहेर ढकलले जाते आणि रात्री ते आकसताना त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. असे प्रत्येक दिवसागणिक घडत राहते. बुडबुडे वाढले आणि आणखी दोन कुप्यांना केसासारख्या चिरा गेल्या. परतीची मुदत 7 दिवसांची होती, ती ‘अजून थोडे थांबा’ या सल्ल्यात सरली, आणि त्यानंतर मला अटींमधले एक कलम दाखवण्यात आले : उष्णतेने झालेले नुकसान परतीस अपात्र. ज्यांनी उन्हात ठेवायला सांगितले त्यांनीच उन्हात ठेवल्याचा ठपका ठेवला! तो संवाद बंद होताच माझ्या खात्यातून दिसेनासाही झाला. विक्रेत्याशी बोलताना प्रत्येक ओळीचे चित्र त्याच क्षणी जतन करून ठेवा.

उरलेले नगही धड नव्हते. होकायंत्रे एकमेकांच्या सुया ओढतात, म्हणून ती मीटरभर अंतरावर, लोखंड आणि मोबाइलपासून दूर ठेवून पाहिली. तिघांचे वाचन इतरांपेक्षा 10 अंशांहून अधिक वेगळे होते आणि एकाची सुई चक्क उलटी, उत्तरेऐवजी दक्षिणेला लाल टोक दाखवणारी होती. काही सुयांचे एक टोक कुपीच्या तळाला घासत होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ जवळजवळ आडवे असते आणि ध्रुवांकडे जाताना झुकत जाते, म्हणून सुईचा तोल त्या त्या पट्ट्यासाठी साधावा लागतो. उष्ण प्रदेशातल्या ग्राहकाने आपल्या पट्ट्यासाठी तोललेली किंवा सर्वत्र चालणारी सुई आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हा प्रश्न मी विचारला होता, आणि उत्तर आले होते ‘होय, जलरोधक आहे’.

यानंतरचा छळ फसवणुकीहून मोठा आहे. खरेदीच्या मंचाने तक्रार क्रमांक दिला आणि मुदत संपल्याचे तेच उत्तर वारंवार पाठवले. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे, त्यामुळे तो फसवणुकीत मोडत नाही. पोलिसांनी विचारले, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवले कसे?’ ग्राहक तक्रार कार्यालयाने दोष सिद्ध करणारे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागितले, मात्र कोणत्या प्रयोगशाळेचे ते सांगण्यास नकार दिला. मी शोधून काढलेली प्रयोगशाळा जहाजांवरची होकायंत्रे तपासणारी होती आणि तिने सांगितलेले शुल्क 12 नगांच्या किमतीच्या तिप्पट होते. हे लेखी कळवल्यावर, विक्रेता परदेशात नोंदलेला असल्यामुळे प्रकरण अधिकारक्षेत्राबाहेर आहे, असा शोध त्या कार्यालयाला लागला. हे पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हते का? तेल गळणारी कुपी टेबलावर ठेवली तर तिची तपासणी नाकाने होते, पण अर्जाच्या नमुन्यात वासासाठी रकाना नव्हता. अखेर प्रकरणावर ‘निकाली’ असा शेरा मारण्यात आला.

आता मुलांच्या हाती साध्या पट्टीची होकायंत्रे आहेत. त्यांच्या पत्रकावर वरची मर्यादा 60 अंश छापलेली आहे आणि उन्हात बंद उभ्या राहिलेल्या मोटारीत काचेखालचा भाग ती सहज ओलांडतो, म्हणून ती पिशवीत मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवली जातात. डास पळवणाऱ्या मलमातले डीट नावाचे रसायन काही प्रकारचे प्लास्टिक आणि त्यावरचे आकडे विरघळवते, तेव्हा मलम लावलेल्या हाताने पट्टीला स्पर्श करायचा नाही. चुंबकाची कडी असलेल्या मोबाइलच्या पाकिटाशेजारी होकायंत्र ठेवायचे नाही. सुई उलटी होण्याचे ते नेहमीचे कारण आहे. कोणतेही नवे होकायंत्र आले की खोका उघडताना चित्रण करा आणि तापमापक चौकटीत ठेवा, म्हणजे ‘थंडीमुळे बुडबुडा आला’ असे म्हणण्याची सोय विक्रेत्याला राहणार नाही.

तीच जाहिरात आता दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने सुरू आहे आणि सवलत 70 टक्क्यांवर गेली आहे. छायाचित्र जुनेच आहे. ते मोठे करून पाहिले तर धातूच्या कड्याखाली अर्धा दडवलेला बुडबुडा त्यातही दिसतो.