हेलियम-निऑन लेझर आणि आरशाचे दोन माउंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कॉलेजच्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत जूनपासून २ मिलिवॅटचा हेलियम-निऑन लेझर आहे, ६३२.८ नॅनोमीटरचा लाल. आठवड्यातले चार दिवस त्यावर मायकेलसन इंटरफेरोमीटरचं प्रॅक्टिकल चालतं: बीमचे, म्हणजे प्रकाशझोताचे, दोन भाग करून आरशांवरून परत आणून एकत्र केले की उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतात. मी ते घेतो, म्हणून हा अनुभव.

पहिल्याच आठवड्यात पोलरायझरमागचा (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या गाळणीमागचा) ठिपका आपोआप मंद-तेज व्हायला लागला. ट्यूब खराब आली असं समजून विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, अर्धा तास तापू द्या." त्याचं बरोबर होतं. आमची ट्यूब 'रँडम पोलराइज्ड' आहे, म्हणजे तिच्या प्रकाशाची कंपनदिशा (ध्रुवण) एकच ठरलेली नसते. टोकांच्या दोन आरशांमधल्या २५ सेंटिमीटरच्या पोकळीत एकमेकांपासून ६०० मेगाहर्ट्झवर दोन-तीन मोड (प्रकाशाच्या किंचित वेगळ्या वारंवारता) चालतात आणि शेजारशेजारचे मोड एकमेकांना काटकोनात ध्रुवित असतात. नळी तापून अर्धी तरंगलांबी, म्हणजे जेमतेम ३१६ नॅनोमीटर लांबली, की एका मोडची जागा शेजारचा घेतो आणि पोलरायझरमागचा प्रकाश कमी-जास्त होतो. नळी पूर्ण तापली की हे सरकणं बरंच मंदावतं. आता प्रॅक्टिकलच्या अर्धा तास आधी शिपाईमामाच लेझर लावून ठेवतात. पुन्हा घेताना मात्र मी रेखीय ध्रुवित (एकच कंपनदिशा ठरलेली) ट्यूबच मागेन.

लेझरचा बीम सुतासारखा सरळ जातो, असं मुलं धरून चालतात. म्हणून दरवर्षी एकदा व्हरांड्यात नेऊन दाखवतो. कंबरेपाशी, म्हणजे सर्वांत बारीक असतो तिथे, ०.४ मिलिमीटर त्रिज्येचा बीम १० मीटरवर सुमारे १० मिलिमीटर व्यासाचा होतो. हा लेझरचा दोष नाही, विवर्तन (प्रकाशलहरींचं मुळातलंच पसरणं) आहे. सुरुवात जितकी बारीक, तितका पसारा जास्त. बीम दहापट जाड करणारा भिंगांचा बीम एक्सपांडर लावला की पसरण्याचा कोन दहापट कमी होतो. जाड केलेला बीमच लांबवर सडपातळ राहतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मुलांचे चेहरे बदलतात.

पण खरा खर्च आणि खरा जीव माउंटमध्ये, म्हणजे आरसा धरून स्क्रूने वळवणाऱ्या चौकटीत आहे. आधी घेतलेल्या स्वस्त माउंटला साधे, जाड आट्यांचे स्क्रू होते. संध्याकाळी जुळवलेल्या पट्ट्या सकाळी गायब. नंतर घेतलेल्या माउंटच्या स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) ०.२५ मिलिमीटर आहे आणि स्क्रू टेकतो तिथून आरसा वळण्याच्या बिंदूपर्यंत ४० मिलिमीटर. आरसा जितका वळेल त्याच्या दुप्पट बीम वळतो. म्हणून एका पूर्ण फेऱ्यात २ मीटरवरचा ठिपका २५ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे पाव फेरासुद्धा जपून. बीम जुळवायला आरसे दोन का, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. एका आरशाने फक्त दिशा बदलते, आपल्याला जागा आणि दिशा दोन्ही हव्यात. जवळच्या आयरिसमध्ये (लहान-मोठं करता येणाऱ्या गोल छिद्रात) पहिल्या आरशाने आणायचं, लांबच्या आयरिसमध्ये दुसऱ्याने, आणि असं पाच-सहा वेळा. दोन्ही आयरिसमधून बीम एकदम पार होतो, तो क्षण अजूनही मला आवडतो.

पंखा चालू असला की पट्ट्या थरथरतात. जा-ये धरून ६० सेंटिमीटर हवेचं तापमान एका अंशाने बदललं, तरी प्रकाशमार्गात ०.६ मायक्रोमीटरचा, म्हणजे जवळपास एका पट्टीचा फरक पडतो. म्हणून आम्ही टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं झाकतो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लिगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या महाकाय इंटरफेरोमीटरच्या ४ किलोमीटर भुजांमधली हवा काढून निर्वात का ठेवायची, हे मुलांना या खोक्यावरूनच समजतं.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. बीम टेबलाला समांतर एकाच उंचीवर, बसलेल्याच्या डोळ्यांच्या खाली. आणि हातातली अंगठी, घड्याळ आधी खिशात. २ मिलिवॅट कमी वाटतं, पण घड्याळाच्या काचेवरून परतलेली चमक थेट डोळ्यात जाऊ शकते. लेपाशिवायच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. त्या नकोशा परावर्तनांच्या, म्हणजे 'भुतांच्या' वाटांवर काळा कागद उभा केला आहे.

बीम स्प्लिटरला (बीमचे दोन भाग करणाऱ्या काचेला) अजून साधाच स्टँड आहे, तेवढा तिसरा चांगला माउंट यंदाच्या मागणीपत्रकात लिहिला आहे.