सात महिने गेल्यावर लिहितोय: धूर तोंडावर न येणारी रेंज

नेमबाजीच्या या इनडोअर रेंजला मी पाचपैकी चार तारे देतोय, आणि त्यातले तीन निव्वळ हवेसाठी आहेत. लेन, दिवे, टार्गेट मागेपुढे करणारी मोटर यांबद्दल वाचायला आला असाल, तर त्यावर अगदी शेवटी दोन ओळी आहेत.

मी पॉइंट टू-टू पिस्तूल चालवतो, आठवड्यातून दोनदा. याआधी चार वर्षं दुसऱ्या एका रेंजवर जायचो. तिचं नाव नको. दिसायला झकपक, काचेच्या भिंती, भलेमोठे स्क्रीन. पण घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालावर काळं दिसायचं आणि जिभेवर तासभर धातूची गोडसर चव राहायची. मला ते मर्दुमकीचं लक्षण वाटायचं, काय सांगू. एकदा नेहमीच्या तपासणीला गेलो असता डॉक्टरांनी सहज छंद विचारला आणि कागदावर एक ओळ वाढवली: रक्तातलं शिसं. आकडा आला १७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था प्रौढांमध्ये ३.५ पासूनच पातळी वाढलेली धरते. मला काहीही होत नव्हतं, हेच जास्त घाबरवणारं होतं.

तोवर माझी समजूत अशी, की शिसं गोळीत असतं आणि गोळी तर समोर जाते, मग आपल्याला काय? पण काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारा जो प्रायमर असतो, त्यात बहुतेक वेळा लेड स्टिफ्नेट हे शिशाचं स्फोटक संयुग असतं. घोडा पडला की ते जळून वाफ होतं आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर हवेत सुटतं. पॉइंट टू-टूच्या बऱ्याच गोळ्यांना तांब्याचं जाड कवच नसतं, त्यामुळे नळीतून जाताना त्याही थोड्या झिजतात. राहिलेली गोळी समोरच्या पोलादी पत्र्यावर आपटून भुगा होते. तो भुगा आणि ती वाफ कुठे जाते, यावर रेंजची लायकी ठरते.

इथे आपल्या पाठीमागची अख्खी भिंत छिद्राछिद्रांची आहे. जमिनीपासून छतापर्यंत त्यातून हवा येते, संथपणे आपल्या अंगावरून पुढे सरकते आणि टार्गेटच्या मागून बाहेर ओढली जाते. निऑशची शिफारस फायरिंग लाइनवर मिनिटाला ७५ फूट एवढ्या वेगाची आहे. म्हणजे मानेला जेमतेम जाणवेल इतकीच झुळूक. जुन्या रेंजवर डोक्यावरच एसीचं तोंड होतं आणि गार वारा सुसाट यायचा. मला वाटायचं, वा, काय हवा खेळतेय. तोच वारा खाली आपटून, भोवरा होऊन धूर परत माझ्याच नाकाशी आणत होता. वाऱ्याचा जोर कामाचा नाही, तो सगळीकडे सारखा आणि एकाच दिशेने हवा.

पहिल्या दिवशी मी टिश्यू पेपरच्या पट्ट्या नेल्या होत्या. एक चेहऱ्याच्या उंचीवर धरली, एक छातीच्या, एक कमरेच्या. लेनमध्ये माणूस उभा असतानाच हे बघायचं, कारण आपल्या अंगाच्या आडोशालाच हवा गिरकी घेते. तिन्ही पट्ट्या टार्गेटकडे झुकल्या. फक्त एक नंबरच्या लेनमध्ये, कोपऱ्यात, कमरेची पट्टी लोंबकळत राहिली. म्हणून मी चार किंवा पाच नंबर मागतो. काउंटरवरचा मुलगा आता मला बघून हसतो, पण लेन देतो. रेंजचं दार बाहेर ओढताना जरा जड लागतं, तेही मला आवडलं: आत सोडल्या जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर खेचली जाणारी हवा जास्त आहे, म्हणून धूळ बैठकीच्या खोलीत येत नाही. मॅनेजरना फिल्टर कधी बदलले विचारलं तर त्यांनी फिल्टर किती तुंबलाय ते सांगणारा दाबमापक आणि रोजची नोंदवही दाखवली. आधीच्या ठिकाणी याच प्रश्नावर “सर, आपलं सगळं एक नंबर असतं” असं उत्तर मिळालं होतं.

सफाईही नीट आहे. केरसुणी कुठे दिसत नाही. हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम फिरतो आणि मग ओलं पुसणं. घरातला साधा व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि बारीक धूळ मागून उडवतो. रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला लांब दांड्याचं खुरपं ठेवलंय आणि भिंतीवर पाटी आहे, “टोपीत पुंगळ्या भरू नका.” मी चार वर्षं टोपीतच भरायचो आणि तीच टोपी डोक्यावर घालून घरी जायचो.

बाहेर पडण्याच्या वाटेवर बेसिन आहे आणि तिथे शिसं काढणारा खास साबण ठेवलाय. साध्या साबणाने शिसं पूर्ण निघत नाही. सॅनिटायझर तर ते हातभर पसरवतो. मी रंग बदलणाऱ्या चाचणीच्या काड्या विकत घेतल्या. शिसं लागलं की काडी गुलाबी होते. किती लागलं ते कळत नाही, आहे एवढं कळतं. खास साबणाने धुतलेल्या तळव्यावर काडी पांढरीच राहिली. काउंटरवरच्या पेनवर गुलाबी झाली. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर तर लालभडक, आणि तो दोष रेंजचा नाही, माझाच. आता रेंजचे बूट डिकीतल्या डब्यात राहतात आणि शर्ट वेगळा धुतला जातो.

पाचवा तारा कापला तो बैठकीतल्या सोफ्यासाठी. कापडी, मऊ, गुबगुबीत. नेमबाज त्याच जॅकेटवर येऊन बसतात आणि शनिवारी त्यांची पोरं त्यावर लोळतात. गिळलेलं शिसं मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी दोनदा बोललो. “रेक्झिनचा मागवलाय” असं उत्तर मिळालं. सोफा आहे तिथेच आहे.

सात महिन्यांनी माझा आकडा ८ वर आला. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं म्हणतात, मग इतका वेळ का? कारण बरंचसं हाडांत जाऊन बसलेलं असतं आणि तिथून हळूहळू झिरपत राहतं. तपासणी करणार असाल तर रक्त शिरेतूनच द्या, बोट टोचून नको. बोटावरचंच शिसं थेंबात मिसळून आकडा फुगतो.

आता त्या दोन ओळी. दिवे चांगले आहेत, सावली पडत नाही. तीन नंबरची मोटर टार्गेट परत आणताना अर्ध्यात अडकते.