दौऱ्यानंतरचे तानपुरे : घरी येऊन जवारी काढून देणाऱ्या मिरजेच्या कारागिरांची सेवा

मिरजेहून पुण्यात येऊन गायकांच्या घरीच तानपुऱ्यांची दुरुस्ती करून देणारे काही कारागीर आहेत. त्यांपैकी एकांकडून या जुलै महिन्यात मी आमच्या कोथरूडच्या घरी तानपुऱ्यांच्या जोडीची जवारी काढून घेतली, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा नव्याने घासून आवाज नीट करून घेतला, आणि सगळ्या तारा बदलून घेतल्या. ही सेवा कशी आहे, कोणाला उपयोगी पडेल आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, हे येथे सविस्तर लिहीत आहे. कारागिरांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून देत नाही. त्यांच्याकडे काम ओळखीतूनच येते, आणि पुण्यातल्या जाणत्या गायनशिक्षकांकडे चौकशी केली तर अशा कारागिरांचा पत्ता सहज लागतो.

उन्हाळाभर मी अमेरिकेतल्या मैफलींच्या दौऱ्यावर होते. कधी महाराष्ट्र मंडळाचे सभागृह, कधी एखाद्या रसिकाच्या घराचा दिवाणखाना, आणि दोन मैफलींच्या मध्ये विमानप्रवास, असा तो क्रम असतो. अशा दौऱ्यात भोपळ्याचा तानपुरा बरोबर नेणे फार थोड्यांना जमते, कारण वाळलेल्या भोपळ्याचे कवच सामानाच्या आदळआपटीत टिकेल याची खात्री कोणीच देत नाही. त्यामुळे यजमानांकडे तानपुरा असेल तर तो, नाहीतर मोबाइलमधला तानपुरा, यांवर भागवावे लागते. मोबाइलमधला तानपुरा सुरात पक्का असतो आणि त्याच्या आधाराने मैफल पार पडते. पण तो कानाला एकाच प्रकारच्या गुंजनाची सवय लावतो, आणि घरी आल्यावर ती सवय मोडायला खरा तानपुरा नीट लागलेला असावा लागतो.

माझे दोन्ही तानपुरे मात्र गवसणीत घालून कपाटाच्या कडेला उभे केलेले होते. ज्या कोपऱ्यात मी रियाजाला बसते तिथे दहावीतल्या मुलीचे अभ्यासाचे टेबल आले होते, आणि ते योग्यच होते, कारण घरात सगळ्यांत चांगला उजेड तिथेच येतो. सकाळच्या चहाची वेळ बदलली होती. डबे कोणी भरायचे आणि भाजी कोणी आणायची, हे माझ्या यजमानांनी आणि सासूबाईंनी आपसात ठरवून घेतले होते. माझ्या गैरहजेरीत घराने आपली घडी बसवली होती आणि ती चांगली बसवली होती. परतलेल्या माणसाला अशा वेळी सगळे पूर्ववत करण्याची घाई होते, आणि बऱ्याच घरांत दौऱ्यानंतरची पहिली कुरबूर तिथूनच सुरू होते, असे मी माझ्या क्षेत्रातल्या अनेकांकडून ऐकले आहे. त्यात भर झोपेची. न्यूयॉर्कचे उन्हाळ्यातले घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे घर गाढ झोपलेले असताना आपण टक्क जागे, आणि मुलगी शाळेतून येऊन काही सांगू पाहते तेव्हा आपले डोळे मिटत असतात.

अशा दिवसांत वाद्ये दुकानात नेऊन टाकायची, मग ती झाली का हे पाहायला खेपा घालायच्या, याचा अर्थ घरी आलेल्या माणसाने पुन्हा घराबाहेर राहायचे. पूर्वी एकदा मी तसे केले होते. त्या दुकानात तानपुरा बरेच दिवस पडून राहिला, आणि हातात आला तेव्हा त्याची जवारी इतकी खुली होती की आमच्या खोलीत तो झणझण वाजू लागला. गजबजलेल्या रस्त्यावरच्या दुकानात बसून जवारी काढली की असे होऊ शकते. बाहेरच्या गोंगाटावर मात करणारा आवाज तिथे बरा वाटतो, आणि शांत घरात तोच आवाज सोसत नाही. घरी येऊन केलेल्या कामाचा मोठा फायदा मला तेव्हा पटला नव्हता, तो या वेळी पटला : वाद्य जिथे रोज वाजणार, त्याच जागेत आणि त्याच गळ्याच्या सोबतीने ते लावले जाते.

जवारी म्हणजे नेमके काय, हे गाणे न शिकलेल्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे, कारण या सेवेचे सगळे मोल त्यातच आहे. तानपुऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुढेमागे टेकत राहते, आणि त्या टेकण्यातून मूळ स्वरावर उपस्वरांची दाट साय येते. तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की तार बोलू लागते. खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, उत्तम लागला असेल तर त्यात कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो; त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. मात्र रोजच्या घर्षणाने तार घोडीच्या माथ्यावर बारीक चर पाडते, उतार बिघडतो आणि आवाज बसतो. मग दोरा कितीही सरकवला तरी उपयोग होत नाही. घोडी उतरवून तिचा माथा नव्याने घासावाच लागतो. हे काम मापाने होत नाही, ते कानाने होते, आणि म्हणूनच ते करणारे हात थोडे आहेत.

मिरजेत हे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतले लोक एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले आणि मिरज त्याच कामासाठी ओळखली जाऊ लागली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात स्थायिक झाले होते, आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 पासून पुण्यात महोत्सव होतो, तेव्हा मिरजेचा तानपुरा आणि पुण्याचा षड्ज यांचे नाते जुने आहे. भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, दांडी आणि तबलीसाठी, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी झाकणीसाठी, तुणीचे लाकूड वापरतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या मानांकनाचा लाभ दुरुस्तीच्या कामापर्यंत पोहोचावा असे मला मनापासून वाटते, कारण नवा तानपुरा माणूस आयुष्यात एकदोनदा घेतो, दुरुस्ती मात्र कायमची लागते.

कारागीर रविवारी सकाळी आले. बरोबर एक पत्र्याची पेटी, तिच्यात कानशी, वेगवेगळ्या जाडीच्या तारांची भेंडोळी, पॉलिश पेपर, खडू आणि सुती दोऱ्याचे रीळ. त्यांनी आधी दोन्ही तानपुऱ्यांचे भोपळे आणि तबल्या बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहिल्या, कुठे चीर गेली आहे का याचा अंदाज घेतला आणि मगच तारा उतरवल्या. पुण्याच्या पावसाळी हवेने पोलादी तारांवर गंज धरला होता, पितळी खर्ज काळवंडला होता, आणि लाकूड फुगल्याने खुंट्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की त्या माझ्याने फिरत नव्हत्या. त्यांनी त्या बाहेर काढून, किंचित घासून, खडू लावून पुन्हा बसवल्या. खडूमुळे खुंटी फिरते मऊ आणि धरते पक्की.

मग त्यांनी मला सांगितले, “ताई, तुम्ही रोज जिथं बसता तिथंच बसून षड्ज लावा.” त्यासाठी मुलीने आपले टेबल स्वतःहून बाजूला सरकवले. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, षड्ज लावत होते, ते कानस दोन-तीनदा फिरवून घोडी जागेवर ठेवत, तार चढवत, ऐकत आणि पुन्हा उतरवत होते. एका तारेसाठी हे किती वेळा झाले याची मोजदाद नाही, पण त्यांच्या हालचालींत उतावीळ कुठेही नव्हती. मुलगी शेजारी बसून पाहत होती, तेव्हा त्यांनी तानपुरा तिच्या हातात दिला. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तिन्ही तर्जनीने छेडायच्या, बोटाने तार ओढायची नाही, नुसते बोट तिच्यावरून जाऊ द्यायचे, हे त्यांनी तिला दाखवले. माझ्याकडून ती हे कधी शिकली नव्हती, कारण मी शिकवायला बसले की आमच्या दोघींत गुरू आणि आई यांची गल्लत होते. त्या दिवशी मी गात राहिले आणि ती छेडत राहिली, आणि परत आल्यापासून इतका वेळ एकत्र बसण्याची ती आमची पहिलीच वेळ होती. स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या, दारात थांबल्या आणि “बंद करू नका, चालू द्या,” एवढेच म्हणून पुन्हा आत गेल्या.

कामाची खरी परीक्षा जोडीत होते. एका तानपुऱ्याची पहिली तार पंचमात आणि दुसऱ्याची निषादात लावून दोन्ही एकदम छेडले तर त्यांच्या आवाजाची जात एक वाटली पाहिजे. एक गोड आणि दुसरा कर्कश, असे झाले तर गायकाचे लक्ष सतत त्या फरकाकडे जाते. कारागिरांनी दुसऱ्या तानपुऱ्याची जवारी पहिल्याच्या आवाजाला जुळवून काढली, आणि त्यासाठी पहिला तानपुरा पूर्ण वेळ मुलीला छेडत ठेवायला सांगितले. संध्याकाळी दिवाणखान्यात ती जोडी ज्या भरलेपणाने वाजली, तसा आवाज मला संपूर्ण दौऱ्यात कोठेही मिळाला नव्हता. एका बाबतीत मात्र माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. त्यांनी जोडाच्या, म्हणजे षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारांची जवारी माझ्या आवडीपेक्षा थोडी बंद ठेवली. पहिले काही आठवडे तार घोडीवर बसते आणि आवाज आपोआप खुलतो, असे त्यांचे म्हणणे होते. तो काही अंशी खुललाही आहे, तरी मला अजून थोडा खुला चालला असता. ज्यांना खुला आवाज लगेच हवा असेल त्यांनी हे काम सुरू असतानाच स्पष्ट सांगावे.

खर्चाबद्दल : मजुरी फोनवरच सांगितली जाते, तारांचे पैसे वेगळे, आणि मिरज-पुणे प्रवासाचा खर्च त्या दिवशी जितक्या घरी काम असेल तितक्यांत वाटून घेतात. दुकानापेक्षा एकूण रक्कम थोडी जास्त होते. पावती मात्र मिळत नाही, ती संस्थांनी आधी मागून ठेवावी.

काही मर्यादा आहेत. खोली दिवसभर अडते, कानशीचा बारीक भुगा सतरंजीत शिरतो, आणि काम चालू असताना घरात मिक्सर, दूरदर्शन, मोठ्याने बोलणे, सगळे बंद ठेवावे लागते. लहान मूल असलेल्या घरी हे अवघड जाईल. भोपळ्याला तडा गेला असेल, दांडी वाकली असेल किंवा तबली खचली असेल तर ते काम घरी होत नाही, वाद्य मिरजेला पाठवावे लागते, आणि ते केव्हा परत येईल हे निश्चित सांगितले जात नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या सुमारास तर त्यांची तारीख मिळणे कठीण असते. आयत्या वेळी फोन करून उपयोग नाही. दौऱ्यावरून परतण्याची तारीख ठरली की तेव्हाच त्यांना कळवून ठेवावे.

जाताना त्यांनी तानपुरा ठेवण्याविषयी जे सांगितले, ते दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी लिहून ठेवण्यासारखे आहे. बरेच दिवस वाद्य वाजणार नसेल तर खुंट्या थोड्या सैल करून तारांचा ताण कमी करावा, पण तारा पूर्ण ढिल्या करू नयेत, नाहीतर घोडी जागेवरून सरकते. पावसाळ्यात तानपुरा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. आठवड्यातून एकदा गवसणी काढून तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. शेवटचे काम मुलीने आपल्याकडे घेतले आहे. तिचे टेबल आता खिडकीच्या दुसऱ्या अंगाला आहे. पहाटे मी बसते, संध्याकाळी ती, आणि उजेड दोघींना पुरतो. पुढच्या हिवाळ्यातल्या मैफलींच्या आधी पावसाळी हवा सरल्यावर जवारी पुन्हा एकदा तपासून घ्यायची आहे, त्यासाठी मी ऑक्टोबरमधला रविवार मागून घेतला आहे, आणि तो तिच्या सहामाही परीक्षेच्या तारखा पाहून तिनेच निवडला आहे.