पुणे–नागपूर: विमान, वंदे भारत की समृद्धी?

पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ हे हवाई अंतर साधारण 605 किलोमीटर. जेट विमान ते तासाभरात कापतं, तरी तिकिटावर दीड तासाच्या आसपासची वेळ दिसते. ती विमान पुण्यात जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, नंबर लागायची वाट, उतरतानाचा वळसा सगळं त्यात धरलेलं असतं. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, म्हणून तिथली रांग अधूनमधून लांबते. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेचे, त्यामुळे जाताना थोडं लवकर, येताना थोडं उशिरा. फरक मिनिटांचा आहे, त्यावरून तिकीट ठरवू नका.

ठरवायचं ते घरापासून घरापर्यंतच्या वेळेवर. कोथरूडहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये विमानतळ म्हणजे सव्वा तास सहज. सामान जमा करायचं काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास हाताशी ठेवायचे. उड्डाण दीड तास, पट्ट्यावर बॅग यायला वीस मिनिटं, शहरात पोचायला अर्धा तास. एकूण साडेपाच-पावणेसहा तास. नुसती सात किलोची हातातली बॅग आणि चेक-इन घरूनच केलं असेल, तर तासभर वाचतो.

पुणे–अजनी (नागपूर शहरातलंच स्टेशन) वंदे भारत 881 किलोमीटर 12 तासांत जाते. सकाळी निघते, संध्याकाळी पोचवते. पुण्याहून मंगळवारी नसते. तिच्यात फक्त खुर्च्या आहेत. कंबरेचं दुखणं असणाऱ्याला किंवा वयस्कर माणसाला बारा तास बसवू नका. त्यांच्यासाठी आझाद हिंदसारखी रात्रीची गाडी, खालचा बर्थ, बरी. पण जायचं शेगाव, अकोला किंवा अमरावतीला असेल, तर विमानाचा फायदा जवळजवळ संपतो. नागपूरला उतरून अकोल्याला म्हणजे 250 किलोमीटर उलटं यायचं! वंदे भारत शेगाव, अकोला, बडनेरा करतच पुढे जाते. बडनेऱ्याहून अमरावती तर दहाच किलोमीटर.

कारने निघालात तर वेळ खाते ती समृद्धी महामार्गाच्या आधीची वाट. पुणे ते छत्रपती संभाजीनगर 235 किलोमीटरला पाच तास जातात, कारण वाघोली, शिक्रापूर, रांजणगावची कोंडी. पहाटे पाचच्या आत वाघोली ओलांडा. पुढे सावंगीहून समृद्धीवर चढलं की नागपूर साडेचार तासांवर. थांबे धरून दहा-अकरा तास.

टायरकडे मात्र नीट बघा. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते. वर एप्रिल-मेचं तापलेलं काँक्रीट आणि ताशी 120 चा वेग, की टायर फुटतो. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. फार जुने झालेले टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. टाकी संभाजीनगरलाच फुल करा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दर दोन तासांनी उतरा, आणि दुसरा चालवणारा सोबत नसेल तर हा पर्याय नकोच.

एकट्याचं नागपूर शहरातलंच काम असेल तर विमान. चौघांचं कुटुंब, सामान आणि पुढे गावाला जायचं असेल तर गाडी परवडते. दिवाळीत आणि विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनात विमानाचे दर चढतात; रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठलाच बसा.