दार बिघडलंच नव्हतं, तरी स्प्रिंगा बदलल्या

आमच्या गॅरेजचं दार संध्याकाळचं बंदच होईना. बटण दाबलं की वीतभर खाली यायचं, थबकायचं आणि पुन्हा वर जायचं. मोटरचा दिवा लुकलुकायचा. सकाळी ऑफिसला निघताना मात्र एका बटणात गुमान बंद. असं चार दिवस चाललं. सकाळी चालतं आणि संध्याकाळी अडतं, यातच खरं तर सगळं उत्तर होतं. ते मला पैसे गेल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी दाराचे दोन-तीन फोटो काढून मेहुण्याला पाठवले. हे फोटो पुढे कामाला आले. त्याचं उत्तर यायच्या आत मी मोबाइलवर शोधून पहिली दिसली त्या जाहिरातीवरचा नंबर फिरवला. चोवीस तास सेवा, भेटीचं शुल्क नाममात्र, स्प्रिंगवर आजीवन हमी. फोन उचलणाऱ्या बाई कंपनीचं नाव सांगायलाच तयार नाहीत, नुसतं 'गॅरेज डोअर सर्व्हिस'. तिथेच फोन ठेवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांचा मेकॅनिक आला. गाडीवर ना नाव, ना नंबर. बोलायला गोड. त्याने बटण दाबलं, दार खाली आलं, वर गेलं, काही तक्रार नाही. बायको म्हणाली, "सकाळी चालतंच हो ते. तुम्ही संध्याकाळी येऊन बघा ना."

"मॅडम, असं अधूनमधून होतं म्हणजे मोटरमधला सर्किट बोर्ड जायला आलाय. आणि बोर्ड का जातो? स्प्रिंग थकली की सगळा लोड मोटरवर येतो."

ऐकायला पटतं, कारण यात अर्धं खरं आहे. दार मोटर उचलते असं आपल्याला वाटतं, पण वजन पेलते ती दारावरच्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली स्प्रिंग. मोटर नुसती ढकलाढकल करते. साधी स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते आणि एकदा उघडून बंद केलं की एक फेरी धरतात. हा आकडाही त्याने मला बरोबर सांगितला. आमचं दार तीन वर्षांचं, दिवसाला दोन फेऱ्या. म्हणजे जेमतेम २,२०० फेऱ्या झाल्या होत्या. हा गुणाकार मी तो गेल्यावर केला.

बायको कामाला निघून गेली. मग तो म्हणाला, "सर, मेन स्विच बंद करून या, आणि मोटरची माहितीपुस्तिका असेल तर तेवढी शोधा." पुस्तिका शोधायला मला पंधरा-वीस मिनिटं लागली. गॅरेजमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा खट् खट् आवाज येत होता. काम चाललंय म्हणून मला उलट बरंच वाटलं.

परत आलो तर मोटरपासून दार सोडवणारी लाल दोरी त्याने ओढून ठेवलेली. "आता तुम्हीच उचलून बघा." मी वाकून दोन्ही हातांनी जोर लावला. दार गुडघ्यापर्यंतही येईना, आणि हात सोडताच धाडकन जमिनीवर. पोटात गोळा आला. "बघा, स्प्रिंग किती सैल पडलीय ती. एखाद्या दिवशी खाली पोर सापडलं असतं तर?" पोराचं नाव काढल्यावर मी काय घासाघीस करणार!

दोन्ही स्प्रिंगा नव्या, दाराच्या कडेची रुळात फिरणारी चाकं म्हणजे रोलर, ते दहा नवे, मोटरमधला बोर्ड नवा. शेवटचा आकडा भेटीच्या शुल्काच्या कितीतरी पट, त्यात नवीकोरी मोटर बसवून झाली असती. पैसे रोख हवेत, कारण म्हणे कार्डाचं मशीन बिघडलंय. जुन्या स्प्रिंगा "भंगारात टाकतो" म्हणून तोच घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी साडेपाचला बटण दाबलं. दार वीतभर खाली आलं, थबकलं आणि वर गेलं.

त्याचा फोन तीन दिवस लागला नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक आले, तेही मुद्दाम संध्याकाळी. त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही. गुडघे टेकून खाली बसले आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत जे छोटे डोळे असतात ते बघू लागले. एका डोळ्यातून अदृश्य किरण सुटतो, समोरचा तो पकडतो. मध्ये काही आलं की दार बंद व्हायचं थांबून वर जातं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती मोटरला अशी काहीतरी सोय सक्तीची आहे. ही डोळ्यांची जोडी जमिनीपासून सहा इंचांच्या वर बसवत नाहीत.

"इकडे या," ते म्हणाले. मावळतीचं तिरपं ऊन थेट पकडणाऱ्या डोळ्यात घुसत होतं, आणि त्याचा हिरवा दिवा विझलेला. काकांनी हाताचा पंजा आडवा धरून सावली केली. दिवा लागला. हात काढला, विझला. पुन्हा हात, पुन्हा लागला. मी शाळेतल्या पोरासारखा बघत राहिलो. ऋतू बदलतो तसा सूर्य सरकतो, म्हणून हे आत्ताच सुरू झालं होतं. त्यांनी दोन डोळ्यांची अदलाबदल केली. पकडणारा सावलीच्या बाजूला गेला आणि विषय संपला.

मग मी त्यांना मेहुण्याला पाठवलेले फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करून स्प्रिंगवर बोट ठेवलं. पुष्कळ स्प्रिंगांवर लांबीभर रंगाची सरळ रेघ असते. पीळ दिला की ती रेघ मळसूत्रासारखी गुंडाळली जाते. जितके वेढे, तितके पीळ. सात फुटी दाराला साधारण साडेसात. माझ्या फोटोत लाल रेघेचे वेढे व्यवस्थित मोजता येत होते. त्या दिवशी "बघा, सैल पडलीय" म्हणून त्याने बोट दाखवलं तेव्हा मात्र रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ होती. मी ती डोळ्यांनी पाहिली होती, अर्थ तेवढा कळला नव्हता. "आपोआप पीळ असा उतरत नाही," काका म्हणाले. "तुटते तेव्हा मोठा आवाज होतो आणि मध्ये दोन-तीन बोटं फट दिसते. ही कुणीतरी सळ्या घालून उलटी फिरवलीय." तो खट् खट् आवाज कसला होता, ते मला तेव्हा उमगलं.

बिलावर रोलर दहा, बदललेले सहाच निघाले. मोटरचं झाकण उघडलं तर 'नव्या' बोर्डावर कोळिष्टकं. तीही अगदी जुनी, धूळ धरलेली.

तुमचं दार अडलं, तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी दार पूर्ण बंद असताना स्प्रिंगकडे बघा. फट दिसली, तर दाराला हात न लावता माहितीच्या माणसाला बोलवा. फट नसेल तर लाल दोरी ओढा, दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि हळूच पकड सैल करा. तिथल्या तिथे राहिलं, तर स्प्रिंग ठणठणीत आहे. कुणी मेकॅनिक आला तर त्याने पाना काढायच्या आत हेच त्याच्यासमोर करून दाखवा आणि तो जाईपर्यंत तिथून हलू नका, पुस्तिका मागितली तरी. दार उघडं असताना मात्र ती दोरी ओढू नका. स्प्रिंग गेलेली असेल तर सगळं वजन अंगावर येतं. आणि पीळ स्वतः द्यायला किंवा सोडायला जाऊ नका, तिथे हात मोडतात. भिंतीवरचं बटण चालतं पण रिमोट चालत नाही, असं असेल तर आधी रिमोटचा सेल बदला आणि भिंतीवरच्या पट्टीवर लॉक दाबलं गेलंय का ते पाहा. आमच्या साडूंकडे फक्त तेवढंच झालं होतं, त्यांना सेलच्या किमतीत सुटका मिळाली. नशीबवान माणूस.

तक्रार दिली आहे, फोटो जोडले आहेत. जुन्या स्प्रिंगा हातात असत्या तर जोर आला असता. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात वेगळ्या नावाने दिसली, म्हणून दुसऱ्या नंबरवरून फोन लावला. या वेळी त्यानेच उचलला. मी म्हणालो, "दार नीट बंद होत नाहीये." मोटर कुठली, दार केवढं, कधी अडतं, काही विचारलं नाही.

"बोर्ड गेला असणार सर. आणि स्प्रिंग."